हिरवा दिवा लागला की

३ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, लोकांवर काढता तो राग कागदावर काढा, रक्तदाब आपोआप उतरेल. घ्या. आजपासून कागदावर.

पहिला मान राणीसरकारांचा. म्हणजे शुश्रूषागृहाच्या मालकीणबाई. त्यांच्याकडच्या सगळ्या खोल्यांमधल्या बेल आणि कॅमेरे आम्ही बसवलेल्या एका कॉम्प्युटरवर चालतात. आम्ही म्हणजे मी आणि बायको. प्रोग्रॅम मी लिहितो, चुका ती काढते, आणि संसारातही वाटणी हीच आहे. म्हाताऱ्यांनी उशाशी असलेलं बटण दाबलं की आयांच्या खोलीतल्या स्पीकरवर आमची कॉम्प्युटरमधली बाई बोलते, "खोली चार, खोली चार." कॅमेऱ्यांमुळे नातेवाइकांना आपापला म्हातारा मोबाइलवर दिसतो. कोणी बघायला लागलं की कॅमेऱ्यावर बारीक हिरवा दिवा लागतो, चोरून बघितलं म्हणून कोणी कुरकुरू नये यासाठी. दिव्याची कल्पना माझी.

तर राणीसरकारांचा फोन. रविवारी दुपारी व्हिडिओ अडकतो. आठवडाभर ढुंकून न बघणाऱ्या सगळ्यांना रविवारी जेवण झाल्यावर एकदम प्रेमाचं भरतं येतं, आणि आमचा कॉम्प्युटर धापा टाकायला लागतो. "अहो, खोली दोनच्या आजींचा हात वर गेला तो वरच राहिला! मुलगा तिकडे रडायला लागला, त्याला वाटलं गेल्या!"

म्हटलं, "मोठं मशीन घ्या."

"ते काही जमायचं नाही. तुम्ही एवढे हुशार, करा ना काहीतरी."

हुशार म्हटलं की मी विरघळतो हे या बाईला कोणी सांगितलं कोण जाणे.

आईही तिथेच आहे, खोली सातमध्ये. जानेवारीत बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, आणि दमा तर जुनाच. आम्ही दोघं दिवसभर स्क्रीनला चिकटलेले, तिचं करणार कोण? "मला कुठे नेऊन टाकू नका रे," म्हणाली होती. टाकलेलं नाही, ठेवलंय. उशाशी बटण मी स्वतःच्या हाताने लावलं. म्हटलं, "हे दाबलं की माणूस हजर." तर म्हणते, "कोण, तू?"

आयुष्यभर शिलाईचं दुकान चालवलं, गिऱ्हाइकांना फाडफाड बोलली. सवय जात नाही.

५ मार्च, बुधवार

झालं काम. दोन ओळींचं होतं. राणीसरकारांना मात्र आठवडाभर खपतोय असंच सांगणार आहे.

बायकोला समजावलं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचारलं तर पान दाखवता येईल. कॉम्प्युटरला डोकं एक आणि कामं छत्तीस. प्रत्येक प्रोग्रॅमला एक आकडा असतो. आकडा जितका मोठा तितका तो प्रोग्रॅम सोशीक, "तुम्ही व्हा पुढे" म्हणत बाजूला उभा राहणारा. एकोणीस म्हणजे अगदी दाराबाहेर, चपलांपाशी. हा आकडा वाचायला आणि बदलायला तयार फंक्शनं मिळतात, आपण फक्त बोलवायचं. मी अशी सोय केली की बघणारे वाढले की बेलचा प्रोग्रॅम आपण होऊन मागे सरकेल आणि व्हिडिओला वाट देईल. बघणारे गेले की आपण होऊन पुन्हा जागेवर.

"बेलला मागे ढकललंस?" बायको.

"अगं, क्षणभराचा फरक. आयाबाईंना चपला सापडायला त्याहून जास्त वेळ लागतो."

"आपली स्पीकरवाली बाई बोलते तो आवाज जागच्या जागी तयार होतो. त्याला किती जोर लागतो माहितीये ना? गर्दीत मिळेल?"

"मिळेल."

"आणि परत वर येते का ते बघितलंस?"

"ज्या फंक्शनने खाली जाते त्यानेच वर येते. जिना आहे तो, घसरगुंडी नाही."

"फंक्शन उलट काय उत्तर देतं ते तरी तपास. हो म्हणतंय की नाही म्हणतंय."

हिचं असंच. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघते, मग खाली गेल्यावर मला चौथ्यांदा वर पाठवते. उत्तर तपासायची ओळ मी घातली नाही. तेवढ्यासाठी कोण पुन्हा फाइल उघडणार?

व्हिडिओतला आवाजही काढून टाकला, तेवढंच ओझं कमी. म्हातारे काय बोलतात ते ऐकायचंय कोणाला, दिसले की झालं.

९ मार्च, रविवार

वा! काय चित्र चालतंय! दुपारभर एकदाही अडकलं नाही. ताईचा परदेशातून फोन, "अरे, आईच्या पापण्या हललेल्या दिसतायत!" ताई गेली चार वर्षं आलेली नाही, पण पापण्या दिसल्या म्हणून रडली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आई कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत होती. बराच वेळ. ताईने तिकडून हात हलवला, मी इकडून. तिला आम्ही दिसत नाही हे दोघांनाही माहीत आहे. वेडेपणा, दुसरं काय.

१० मार्च, सोमवार

आईकडे गेलो. दारातच सुरू. "काल मला बाहेर जायचं होतं. बेल दाबली तेव्हा ऊन त्या कपाटावर होतं. बाई आली तेव्हा ऊन माझ्या उशीवर. मधे सगळं अंथरूण ओलं झालं. या वयात. माझ्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं तर मी निदान 'बसा' तरी म्हणायचे."

सातव्या खोलीच्या आयाबाईला बोलावलं. ही एक जाडजूड, हळूहळू चालणारी बाई आहे. मी तिचं नाव कासव ठेवलंय. कासव म्हणालं, "साहेब, बेल झाली तशी धावले मी. तुमच्या मशीनमध्ये बघा."

बघितलं. बेल झाल्याची वेळ आणि बाईने खोलीत येऊन ती बंद केल्याची वेळ, मधे मिनिटसुद्धा नाही. आईच्या देखत बटण दाबून बघितलं, तर शब्द संपायच्या आत स्पीकर बोलला. मशीन खोटं बोलत नाही. म्हणजे आईला वेळेचं भान राहिलेलं नाही. एवढी तल्लख बाई, शेवटी ही वेळ आली.

तरी कासवाला चार शब्द सुनावलेच. कोणालातरी सुनावल्याशिवाय असल्या भेटीतून उठता येत नाही.

१७ मार्च, सोमवार

काल पुन्हा तेच. आणि आता आई एकटी नाही, साथ पसरलीय. खोली चारचे आजोबा बेलची वाट बघून बघून स्वतः उठले आणि दारात आपटले. कपाळावर खोक. राणीसरकार म्हणाल्या, "रविवारीच कसं हो होतं यांना?" मी नोंदी काढून दाखवल्या, प्रत्येक बेलला आया लगेच गेलेल्या. राणीसरकारांचा चेहरा फुलला. म्हणाल्या, "म्हणजे लक्ष वेधून घ्यायचे प्रकार. घरचे भेटायला येत नाहीत, मग तो राग आमच्यावर." नोंदींचे कागद फाइलला लावून घेतले, आजोबांच्या मुलाला दाखवायला.

आईने आज नवीनच काढलं. माझा हात धरून, आवाज खाली आणून म्हणाली, "मी बघून ठेवलंय. तो हिरवा दिवा लागला की माझी बेल मरते."

"काय?"

"दिवा नसला की बाई लगेच येते. दिवा असला की दाबून दाबून बोट दुखतं. तुम्ही बघायला लागलात की कोणी येत नाही. तू बघत जाऊ नकोस रे मला."

मी हात सोडवून घेतला.  लोक आईबापांना वर्षवर्ष बघत नाहीत, मी रोज बघतो, आणि माझीच आई मला सांगते बघू नकोस. लागलं मनाला. ताईला फोनवर सांगितलं तर ती ओक्साबोक्शी रडली. म्हणाली, "तिला वाटतंय आपण तिच्यावर पाळत ठेवतोय." मग ठरवलं की उलट जास्तच बघायचं. ताई स्वयंपाकघरात ओट्यावर आईला दिवसभर चालू ठेवणार, मी ऑफिसात बाजूच्या स्क्रीनवर. एकटं वाटता कामा नये.

तिथल्या डॉक्टरांनी आईच्या कागदावर "संभ्रम" असं लिहिलंय. चांगलं अक्षर आहे त्यांचं.

२४ मार्च, सोमवार

डोकं फिरवलं काल.

दुपारी ताईचा फोन, "आई दिसत नाहीये! सगळं पांढरं!" मीही बघितलं, पांढरं. गाडी काढून गेलो. तर कॅमेऱ्यावर टॉवेल! आणि खाली खुर्चीत कासव बसलेलं, आईच्या पायाला तेल लावत.

"कोणी टाकला?"

"मी," आई म्हणाली.

"तुला उठता येत नाही."

"मी टाकायला सांगितला. तिला कशाला डोळे वटारतोस?"

कासव उठून उभं राहिलं. "साहेब, आजी खोटं नाही बोलत. रविवारी बेलचं काही खरं नसतं. कधी धडाधड सगळ्या खोल्या एकदम बोलतात, कधी चिडीचूप. म्हणून मी रविवारी बेल वाजो न वाजो, चक्कर टाकत असते. आजींकडे जास्त, त्यांना श्वास लागतो म्हणून."

"म्हणजे माझं मशीन बिघडलंय असं तुझं म्हणणं?"

"मला मशीनमधलं काय कळतंय साहेब. मी आपली चक्कर टाकते."

टॉवेल मी स्वतः ओढून काढला. पलंगाच्या कठड्याला एक लाल नाडी बांधलेली होती आणि तिला आईचा दम्याचा पंप लटकत होता. म्हणे हाताशी राहावा म्हणून. कॅमेऱ्यात ते किती गबाळं दिसतं! ताईच्या सासरचे लोकही बघतात. नाडी सोडायला लावली, पंप टेबलावर नीट ठेवला.

खाली येऊन राणीसरकारांना सांगितलं, तुमची बाई नेमून दिलेल्या खोल्या सोडून एका खोलीत बसून राहते आणि कॅमेरे झाकते. "कॅमेरे झाकते" म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघायला हवा होता. कासव आजपासून कपडे धुण्याच्या विभागात, तळघरात. सातव्या खोलीला नवीन मुलगी दिलीय. चटपटीत आहे. बेल वाजल्याशिवाय जागची हलत नाही आणि वाजली की पळते. असंच पाहिजे.

निघताना आईकडे बघितलं. भिंतीकडे तोंड करून पडली होती.

२८ मार्च, शुक्रवार

सहा एप्रिलला आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस, आणि नेमका रविवार. ताईने बेत आखलाय. जगभरातले सगळे भाऊ, भाच्या, आतेभावंडं, दुकानातल्या जुन्या मुली, सगळ्यांनी दुपारी चारला एकदम आईला बघायचं. त्याआधी कोणी लावायचं नाही, आणि तिला सांगून ठेवायचं की चार वाजता हिरवा दिवा लागला की समज सगळं गोत तुझ्या खोलीत आलंय. आमच्याकडे मोठ्या टीव्हीवर लावायचं, जवळची वीसेक माणसं इथेच येतील.

कल्पना झकास आहे. मशीनला झेपेल? माझ्या मशीनला? झेपेलच.

२ एप्रिल, बुधवार

बायकोने भांडण उकरून काढलं. लिहितो, कारण गोळी घेऊनही राग उतरलेला नाही.

ती तिथे कॅमेऱ्याची वायर बदलायला गेली होती. सहज बेलचा आकडा वाचला. एकोणीस. सकाळची वेळ, बघणारं जेमतेम एखाददुसरं, तरी एकोणीस.

"वर येतच नाही ती," म्हणाली. "मी तेव्हाच विचारलं होतं. प्रोग्रॅमला स्वतःहून मागे जायला कोणाची परवानगी लागत नाही. पुढे यायला मुख्य पासवर्डवाल्याची लागते. तुझं फंक्शन पहिल्या रविवारपासून नाही म्हणतंय, आणि तू उत्तर ऐकतच नाहीयेस. दर रविवारी ती आणखी खाली जाते आणि तिथेच राहते."

एवढंच ना. मला वाटलं काय झालं! म्हटलं, "सोमवारी बघू."

"सोमवारी कशाला? मशीन बंद करून चालू केलं तरी ती जागेवर येईल. आणि ती खाली सरकणारी ओळ काढून टाकू. पाच मिनिटं."

"आणि रविवारी व्हिडिओ अडकला तर? जग बघणार आहे. या धंद्यातला पहिला नियम काय? कार्यक्रमाच्या तोंडावर चालत्या मशीनला हात लावायचा नाही."

मग ती शांतपणे म्हणाली, "आई म्हणतात ते खरं असेल."

"कोणतं?"

"दिव्याचं. बघणारे नसले की मशीन मोकळं, शेवटी उभी असली तरी बेलला लगेच नंबर मिळतो. बघणारे आले की तिला कोणी विचारत नाही. आणि तुझ्या त्या नोंदी. बटण दाबल्याची वेळ नाही ती, बेलला जाग आल्याची वेळ आहे. जाग उशिरा आली तर नोंदही उशिराचीच. बाई एका मिनिटात पोचली दिसतंय, पण म्हातारं माणूस त्याआधी किती वेळ दाबत होतं ते कुठेच लिहिलं जात नाही."

माझ्या कानशिलात ठणका. म्हटलं, "म्हणजे मी माझ्या आईला... काय म्हणायचंय तुला? सरळ बोल!"

"मला एवढंच म्हणायचंय की मी रविवारी तिकडे त्यांच्याजवळ जाऊन बसते."

"आणि इथे वीस माणसांचं कोण बघणार? चहा मी करू? लोक काय म्हणतील, सासूच्या वाढदिवसाला सून घरात नाही?"

 रविवारपर्यंतच थांब म्हटलं, सोमवारी सकाळी पहिलं काम तेच. शपथ घातली. आता यात मी काय वाईट बोललो?

५ एप्रिल, शनिवार

आईची खोली सजवून आलो. निळी चादर, नवा गाऊन, केस विंचरून घेतले. टेबलावरचा पसारा, औषधं, पंप, सगळं कपाटात ठेवायला लावलं. चित्रात फक्त फुलं दिसली पाहिजेत. नवीन मुलगी "हो सर, हो सर" करत पळत होती.

आई म्हणाली, "पंप राहू दे रे हाताशी."

"अगं, बेल आहे ना. लागला तर दाब, आणून देईल."

माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लहानपणी तू हाक मारलीस की मी शिलाई मशीन थांबवायचे. अर्धी शिवण सोडून यायचे."

वाढदिवस आला की माणसं अशी हळवी होतात. मी म्हटलं, "उद्या चार वाजता हस हं. सगळे बघणार आहेत."

६ एप्रिल, रविवार. पावणेपाच

अजून सगळे बाहेरच्या खोलीत आहेत, पण आत्ताच्या आत्ता लिहून ठेवावंसं वाटलं. रक्तदाब गेला उडत, मला आज आनंद झालाय.

चारला सगळे एकदम आत. आकडा बघून मीच दचकलो, एवढी माणसं कधीच नव्हती. आणि चित्र! एक झटका नाही. मोठ्या टीव्हीवर आई म्हणजे खिडकीतून डोकावल्यासारखी. ऊन कपाटावर पडलं होतं, खोलीत छान उजेड. हिरवा दिवा लागल्याचं आईला कळलं. सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं तिने. घरात टाळ्या पडल्या.

आधी नुसती बघत होती. मग हसायला लागली. छातीवर हात ठेवून, खांदे उडवत, अशी हसली की बास. धाकटी मावशी म्हणाली, "बघा बघा, तरुणपणी अश्शीच हसायची, दम लागेपर्यंत." मग हात हलवायला लागली. एका हाताने आम्हाला टाटा, दुसरा हात उशाशी. कपाटाकडे बोट दाखवत होती, तर ताई फोनवर म्हणते, "फुलं आवडली वाटतं!" फुलं कपाटाशेजारीच आहेत. मग ओठांवर हात नेऊन पुन्हा पुन्हा आमच्याकडे काहीतरी फेकल्यासारखं केलं. पापे! आईने आयुष्यात कधी कोणाला पापा दिलेला आठवत नाही. सगळ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यांनी इकडून पापे फेकले.  मीही फेकला, खोटं कशाला सांगू.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "त्या हसत नाहीयेत." मी म्हटलं, "आज तरी." ती फोन घेऊन आत गेली, तिकडचा नंबर लावत बसली. रविवारी तिकडचा फोन लागेल तर शपथ. मग चपला घालून निघूनच गेली. वीस माणसं घरात. परत आली की बोलतो.

मग आई दमली. हळूहळू मागे रेलली, चेहरा आमच्याकडेच. बोट तेवढं उशाशी. हिरवा दिवा बघत बघत झोपली. सगळे कुजबुजत बोलायला लागले, झोपमोड नको म्हणून, आणि मग स्वतःच स्वतःला हसले, कारण आवाज तिकडे जातच नाही. ताई म्हणाली, "कोणी बंद करू नका रे. झोपलेली बघू दे मला पोटभर." म्हणून सगळ्यांनी चालूच ठेवलं. ऊन सरकत सरकत उशीवर आलं. डोळ्यांवर येत असणार, पण तोंड काही फिरवलं नाही तिने.

आत्ता माणसं उठायला लागलीत. फोन वाजतोय. राणीसरकार असणार. अभिनंदन करायला.

१२ एप्रिल, शनिवार

लिहायला बसलो नव्हतो.

नवीन मुलगी सगळ्यांना तेच सांगते. पावणेपाचनंतर लोकांनी व्हिडिओ बंद करायला सुरुवात केली आणि स्पीकर बोलायला लागला. "खोली सात, खोली सात." ती पळत गेली. तिने आईला हलवलं. मागे स्पीकर बोलतच होता. डॉक्टर आले, नाडी बघितली, चादर वर ओढली, तरी "खोली सात, खोली सात". आईने जितक्यांदा दाबलं होतं तितक्यांदा. थांबवायचं कसं ते तिला माहीत नव्हतं. शेवटी तळघरातून कासव वर आलं आणि त्याने वायर उपटली.

बायको पोचली तेव्हा स्पीकर चालू होता. तिने ऐकलं.

राणीसरकार फाइल घेऊन भेटायला आल्या. नोंदीप्रमाणे बेल झाली आणि मिनिटाच्या आत बाई खोलीत होती. "आमच्याकडून काही कसूर नाही, हे तुम्हीच सांगू शकाल," म्हणाल्या, आणि कागद पुढे केला. मी सही केली. मशीन माझंच, नोंदी माझ्याच. मी वेगळं काय लिहिणार होतो?

मला रडू आलं नाही. भीती वाटली. बायको सगळ्यांना सांगेल अशी.

तिने कोणाला सांगितलं नाही. सोमवारी सकाळी जाऊन मशीन बंद करून चालू केलं, ती ओळ काढली, बेल पुढे आणली. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. घरी येऊन बॅग भरली. मी म्हटलं, "काहीतरी बोल." म्हणाली, "तू उत्तर ऐकतोस कुठे?" आणि गेली.

२० एप्रिल, रविवार

राणीसरकारांच्या ओळखीच्या आणखी दोन शुश्रूषागृहांना आपली यंत्रणा हवीय. वाढदिवसाचा व्हिडिओ त्यांनी बघितला. "असं चित्र कुठेच बघितलं नाही," म्हणे. उद्या भेट आहे.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्तदाब उतरलाय.

ताई आठवडाभर मागे लागली होती, आईचं ते शेवटचं हसू पाठव म्हणून. आज लावून बसलो. पूर्ण बघितलं, एकट्याने, मोठ्या टीव्हीवर. चित्र इतकं स्वच्छ आहे की बटणावर दाबून दाबून पांढरं पडलेलं अंगठ्याचं नख दिसतं. दाबते, सोडते, दिव्याकडे बघते, दाबते. ओठ हलतायत तेही दिसतात. पापे नाहीत ते. माझं घरातलं नाव आहे, लहानपणचं. दोन अक्षरं. आवाज मीच काढून टाकला होता, तरी वाचता येतं.

चौकट लहान केली. डावीकडची उशी आणि हात बाहेर गेला, फक्त चेहरा आणि फुलं राहिली. सुरुवातीचं थोडं ठेवलं, जिथे ती नुसती बघत असते. बाकी पुसलं. ताईला पाठवलं.

तिचं लगेच उत्तर आलं. "किती स्वच्छ रे! कुठे जरासुद्धा अडकत नाही. तू होतास म्हणून आईचं सगळं नीट झालं."

 वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं.